उत्तराला वेळ देणारे फादर

पुण्यातले जुने डॉक्टर एकत्र जमले आणि फादर साल्वादोर तुस्कानो यांचं नाव निघालं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "मेलेल्याचं ऐकून ज्यांनी जिवंत माणूस घालवला, तेच ना?" थोडं हसणं होतं आणि विषय बदलतो. फादर गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या दफनाच्या दिवशीही चर्चच्या आवारात, जिथे गाड्या लावतात त्या बाजूला, हे वाक्य मी ऐकलं. बोलणारा माझाच एक विद्यार्थी होता.

हे वाक्य खरं नाही. ते खरं नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असूनही मी ते पुण्यात फिरू दिलं. आता माझं वय पाहता आणखी थांबणं परवडणारं नाही. पण आधी फादर कसे होते ते सांगतो, नाहीतर पुढच्याचा अर्थ लागायचा नाही.

मी शहरातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग सांभाळत होतो. फादर तिथे वैद्यकीय नीतीचे सल्लागार म्हणून आले. मूळचे वसईचे. आधी डॉक्टर झाले, एम.डी. केलं, मग सगळं सोडून सेमिनरीत गेले, आणि धर्मगुरू झाल्यावर पुढच्या अभ्यासासाठी रोमला जाऊन आले. "डॉक्टर मला पाद्री समजतात आणि पाद्री मला डॉक्टर समजतात. त्यामुळे दोन्हीकडे चहा उशिरा मिळतो," असं ते म्हणत. उंच, किंचित वाकलेले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यामुळे आल्याचा आवाज नसे. पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटून वळावं, तर फादर उभे. आमच्या सिस्टर कांबळे एकदा हातातला ट्रे सांडवून म्हणाल्या, "अहो फादर, पायात घुंगरू तरी बांधा! इथे पेशंटपेक्षा आमचंच हृदय आधी बंद पडायचं." फादरनी खिशातून वसईची सुकेळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. वाळवलेली, मधासारखी केळी. माफी मागायची त्यांची हीच पद्धत होती.

त्यांची दुसरी एक पद्धत होती, आणि तिच्याविषयीच लोक कुजबुजत. व्हेंटिलेटर काढायचा की नाही, एखादा रुग्ण मेंदूमृत आहे की नाही, असा प्रश्न आला की ते आधी फाइल वाचत नसत. ते आधी त्या बेशुद्ध माणसाच्या उशाशी जात, आणि घरी पाहुणा आल्यासारखे बोलत. "नमस्कार काकू. मी साल्वादोर तुस्कानो. मी डॉक्टर आहे आणि पाद्रीही आहे, पण आज डॉक्टर म्हणून आलोय. तुमच्याबद्दल बाहेर चार माणसं ठरवाठरवी करणार आहेत. तुमच्या पाठीमागे नको, म्हणून सांगायला आलो." एवढं बोलून ते गप्प उभे राहत. बराच वेळ. मग हलकेच मान हलवत आणि बाहेर येत.

"फादर, इथे शुद्धीवरचे पेशंट धड उत्तर देत नाहीत," सिस्टर कांबळे म्हणायच्या.

"उत्तराला वेळ द्यावा लागतो, सिस्टर."

नंतर एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "सर, आम्ही बौद्ध माणसं. भुताखेतावर आमचा विश्वास नाही. पण फादर आत असले ना, की मी तो पडदा सरकवत नाही. आत दोघं बोलत असल्यासारखं वाटतं."

आज आपण कोण म्हणून आलो आहोत, हे सांगितल्याशिवाय ते कोणाशीच कामाचं बोलत नसत. रुग्णाशी नाही, नातेवाइकांशी नाही, आमच्याशी नाही. मी त्यांना कारण विचारलं. "डॉक्टर म्हणून जे ऐकतो ते फाइलमध्ये जातं," ते म्हणाले. "फादर म्हणून जे ऐकतो ते कुठेच जात नाही. सांगणाऱ्याला आधी माहीत असलेलं बरं." सिस्टर शेजारीच होत्या. म्हणाल्या, "म्हणजे एका माणसाला दोन ड्युट्या आणि पगार एकच."

सदाशिव पेठेतले आपटे सर आमच्याकडे होते. निवृत्त मुख्याध्यापक, मेंदूत मोठा रक्तस्राव, परत येण्याची काहीच आशा नाही. मुलगा परदेशातून फोनवर "सगळं करा, सगळं करा" म्हणत होता. आम्हाला वाटलं, पाद्री आहे म्हणजे हाही शेवटपर्यंत यंत्र चालू ठेवा म्हणणार. फादर आपटेबाईंसमोर बसले आणि म्हणाले, "मारायचं नाही, हे नक्की. पण निघालेल्या माणसाची बाही ओढत राहायचं, असं आमच्या धर्मात कुठे सांगितलेलं नाही." मग ते आत जाऊन आले आणि त्यांनी विचारलं, "सरांचा चष्मा कुठे आहे?"

"घरी आहे. बेशुद्ध माणसाला चष्मा कशाला?"

"समोर कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाहीये."

"अहो, पण समोर कोणीच उभं नाही!" आपटेबाई म्हणाल्या.

बाईंनी फादरकडे रोखून पाहिलं, पर्स उचलली, रिक्षा करून घरी गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. स्वतःच्या पदराने काचा पुसून त्यांनी तो सरांच्या मिटलेल्या डोळ्यांवर चढवला. कपाळावरची एक आठी होती, ती आम्ही इतके दिवस आजाराचाच भाग समजत होतो. ती गेली. दुपारी यंत्र काढलं आणि सर शांतपणे गेले. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कोणीतरी ओळखीचं असणार. अनोळखी माणसाबरोबर हे कधी चहालासुद्धा गेले नसते."

मी शास्त्राचा माणूस. मी फादरना जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुम्हाला खरंच ऐकू येतं का?

"नाही," ते म्हणाले. "मी गप्प राहतो तेव्हा माझ्या डोक्यातलं एकेक निघून जातं. माझी भीती, माझी मतं, जेवणाची वेळ. शेवटी काहीतरी उरतं. ते माझं असेल तर मला ओळखू येतं."

"आणि नसेल तर?"

"तर मी बाहेर येऊन सांगतो."

विद्यार्थ्यांसाठी त्यांचा एक तास असे. त्यात ते एका विद्यार्थ्याला ट्रॉलीवर झोपवत, गळ्यापर्यंत चादर घालत, डोळे मिटायला सांगत आणि बाकीच्यांना त्याच्या अंगावरून वाकून त्याच्या 'केस'ची चर्चा करायला लावत. एकदा मी मागे बसलो होतो. ट्रॉलीवर इम्रान शेख होता, आमचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बडबड्या निवासी डॉक्टर. तास संपला, तो उठून बसला, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"माझा हात कोणी धरला होता?"

कोणीच धरला नव्हता. सगळे दोन पावलं लांब होते, मी पाहत होतो.

"चेष्टा नको यार. डावा हात. गार होता, सर. बाईचा हात होता."

पोरं हसली. फादर हसले नाहीत. "सोडला का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"हो. उठलो तेव्हा."

"मग ठीक आहे," फादर म्हणाले आणि फळा पुसायला लागले. पुसता पुसता पाठमोरेच म्हणाले, "यापुढे पेशंटच्या उशाशी उभं राहून बिर्याणी मागवू नका."

ती ट्रॉली कुठल्या विभागातून आणली होती, हे इम्रानने नंतर चौकशी करून शोधलं. काय कळलं ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता त्या दिवसाबद्दल.

धायरीचा संदीप नावाचा तरुण मोटारसायकलवरून पडून आमच्याकडे आला होता. डोक्याला जबर मार. मेंदूमृत ठरवण्यासाठी ठरलेल्या डॉक्टरांनी काही तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची असते. तिचा शेवटचा भाग म्हणजे रुग्णाचा व्हेंटिलेटर काही मिनिटं सोडवायचा, प्राणवायू देत राहायचं, आणि छाती आपणहून हलते का ते पाहायचं. सकाळची तपासणी सगळ्यांसमोर नीट झाली. छाती हलली नाही. संदीपच्या वडिलांनी अवयवदानाला होकार दिला. "घ्या म्हनलं, डाक्टर. मातीत घालून तरी काय हाय," असं म्हणून तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या रुग्णालयात यकृताची वाट पाहणारा एक माणूस होता. त्याला शस्त्रक्रियेसाठी तयार करायला घेतलं. पोलिसांना रस्ता मोकळा करायला कळवलं. दुपारची तपासणी तेवढी राहिली होती. सह्या करणाऱ्या डॉक्टरांत मी होतो आणि फादरही होते.

दुपारी फादर वर्गावर होते. बाकीच्यांनी सांगितलं, तुम्ही सुरू करा, आम्ही येतो. सिस्टर कांबळे संदीपच्या वडिलांना बोलवायला गेल्या होत्या. मी एकट्यानेच सुरुवात केली. व्हेंटिलेटर सोडवला आणि लगेच रक्तदाब कोसळला. मी घाबरून यंत्र परत जोडलं. खरं तर इथे थांबायचं असतं. रक्तदाब सावरून पुन्हा करायचं, किंवा मेंदूला रक्त जातं आहे का ते दुसऱ्या तपासणीने पाहायचं. माझा फोन सारखा वाजत होता. तिकडे पेशंट टेबलावर घेतला, किती वेळ, किती वेळ. सहकारी आत आले तेव्हा मी सांगितलं, "झाली. पूर्ण वेळ छाती हलली नाही." रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा विचारला तेव्हा सकाळच्याच्या जवळपासचा सांगितला.

संदीप गेलेलाच होता असं मला आजही वाटतं. पण त्या दोन तपासण्या मुळात या 'वाटतं'साठीच असतात.

फादर आले. नेहमीप्रमाणे उशाशी गेले, "आज डॉक्टर म्हणून आलोय" म्हणाले आणि उभे राहिले. बाहेर सगळे घड्याळाकडे बघत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "मी सही करणार नाही."

"का?" संचालक ओरडलेच.

"ते थांबा म्हणाले."

मग फादर माझ्याकडे वळले. "दुपारची तपासणी पुन्हा करा. माझ्यासमोर."

त्या क्षणी मी फक्त "बरं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "फादर, मी ती केली आहे. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्यावर आहे," ते म्हणाले. "पण ते थांबा म्हणाले."

त्यानंतर जे झालं ते पुण्याला ठाऊक आहे. फोनाफोनी झाली, आवाज चढले, अंधश्रद्धा हा शब्द माझ्याच तोंडून पहिल्यांदा निघाला. संध्याकाळी संदीपची आई माहेरहून पोचली. तिला कोणी खरं सांगितलंच नव्हतं, पाय मोडला आहे एवढंच कळवलं होतं. तिने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि हात फिरत असतानाच मॉनिटरवरची रेघ सरळ झाली. थांबा म्हणजे कशासाठी थांबा, माझ्या खोट्यासाठी की आईसाठी, हे मला कळलेलं नाही. यकृत कामाचं राहिलं नाही. यकृताची वाट पाहणारा तो माणूस त्याच आठवड्यात गेला. 'पाद्र्याच्या हट्टाने' असं वर्तमानपत्रात आलं.

दुसऱ्या दिवशी मी फादरच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी बसले होते. "सांगायचंय काहीतरी," मी म्हणालो.

"मी कोण म्हणून ऐकू?"

मी विचार केला तो फार तर क्षणभर. डॉक्टर म्हणालो तर ते फाइलमध्ये जाईल, चौकशी होईल, माझा परवाना जाईल. फादर म्हणालो तर क्षमा मिळेल, असं मला वाटलं. सिनेमात पाहून एवढंच माहीत होतं. "फादर म्हणून," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, जसं संध्याकाळी भिंतीवरून ऊन उतरतं. नंतर म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही. कबुलीत ऐकलेलं कोणालाही न सांगण्याचा आमचा नियम तुम्हाला लागू होतो का, यावर पंडित वाद घालतील. पण तुम्ही माझ्यावर विसंबून बोललात. आता मला हे माहीतच नाही, असं मला वागावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी तपासणीबद्दल प्रश्नसुद्धा विचारू शकत नाही. कालपर्यंत विचारू शकत होतो." ते उठले. "आता तुम्हालाच बोलावं लागेल. मी थांबेन."

चौकशी समितीने त्यांना विचारलं, तुम्ही सही का नाकारली? त्यांनी उत्तर दिलं, "त्या दिवशी जे सांगितलं तेच." दुसरं काही विचारलं तरी तेच. मी त्याच टेबलाशी होतो. त्यांच्या एका कटाक्षाने माझं बिंग फुटलं असतं, म्हणून मी पूर्ण वेळ पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो. नंतर कळलं, त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांचं पद गेलं, शिकवणं गेलं. परिषदांतून बोलावणी बंद झाली. रोमहून शिकून आलेला माणूस एका लहान चर्चमध्ये मुलांना धर्माची प्रश्नोत्तरं शिकवायला लागला.

त्या दुसऱ्या रुग्णालयातल्या माणसाची बायको, वैशालीताई, सदाशिव पेठेत शिकवण्या घेत. फादर अधूनमधून त्यांच्याकडे जात. एकदा फादरचा पाय मुरगळला होता, म्हणून मी गाडीने सोडलं. दार उघडून ताई म्हणाल्या, "आलात? आज कोणाचा निरोप आणलात? कोणी मेलेलं काही म्हणालं का?"

"नाही," फादर म्हणाले. "तुम्हाला बोलायचं असेल म्हणून आलो."

"माझं बोलून झालंय. तुम्हीच घालवलात ना त्यांना?"

फादर मान खाली घालून उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "डॉक्टर, तुम्ही बाहेर का? आत या, पाणी घ्या. तुम्ही बिचारे किती धडपडत होता त्या दिवशी." मी आत गेलो आणि पाणी प्यायलो. फादर जिन्यातच उभे होते.

हे लिहायला बसण्यापूर्वी, परवा, मी वैशालीताईंकडे पुन्हा गेलो आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "फादरना हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी ते येत राहिले? माझं ऐकून घेत राहिले?"

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. मी बराच वेळ थांबलो, मग दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो.

फादरना मी शेवटचं पाहिलं ते याच्या काही महिने आधी. निवृत्त धर्मगुरूंसाठी कॅम्पाच्या पलीकडे एक घर आहे, तिथे ते होते. त्यांची स्मृती गेल्याचं कानावर आलं होतं. इतकी वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. स्वारगेटहून रिक्षाने जाताना दोनदा वाटलं, परत फिरावं. स्मृती गेली असेल तर आता जाऊन काय उपयोग, असंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने बरं वाटलं.

सकाळची वेळ. खोली लहान, स्वच्छ. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. फादर पलंगाच्या कडेला बसले होते, बोटांनी चादरीची घडी मोडत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, रुग्णालयाचं नाव सांगितलं. ते सभ्यपणे हसले.

मी म्हणालो, "फादर, धायरीचा संदीप. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरने तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. आठवतं?"

त्यांची बोटं थांबली. डोळ्यांत एकदम जुने फादर आले. "ते तुम्हाला कशाला हवं?"

"तुम्ही ते बोललात तर चालेल. त्या डॉक्टरची परवानगी आहे."

"ती त्यांनी द्यायची. तुम्ही कोण?"

"मीच तो, फादर."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. खालपासून वरपर्यंत, रुग्ण तपासतात तसं. मग मान हलवली. "नाही," ते म्हणाले, अगदी मऊपणे. "त्यांना मी ओळखतो. रोज येतात. बोलत मात्र काही नाहीत. मीही घाई करत नाही." आणि त्यांनी खुर्चीकडे हात केला. "विचारा ना त्यांनाच. इथेच तर बसलेत."

खुर्ची रिकामी होती. तिच्या बसायच्या जागेवरचं वेताचं विणकाम मात्र खोलगट झालं होतं, कोणीतरी बराच वेळ बसल्यासारखं.

तेवढ्यात तिथली सेविका चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते. एक तिने फादरच्या हातात दिला. दुसरा, सवयीने, खुर्चीसमोर टेबलावर ठेवला. मग मला पाहून ओशाळली. "फादर रोज दोन सांगतात," ती म्हणाली. "तुम्ही आलात ते माहीत नव्हतं. बसा ना, तुमच्यासाठी आणखी एक आणते."

बसायला त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. मी उभाच राहिलो.